पाटाच्या कडेची गोगलगाय आणि जनावरांतील चपटे कृमी

मराठवाड्यात गोगलगाय म्हटले की अलीकडे सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करणारी शंखी गोगलगाय आठवते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत तिने जो उच्छाद मांडला, तो पाहता हे स्वाभाविकच आहे. येथे मात्र तिच्याहून पुष्कळ लहान अशा, पाटाच्या कडेला आणि डबक्यांतल्या शेवाळात राहणाऱ्या गोड्या पाण्यातील गोगलगायींचा विचार करायचा आहे. कारण गाई-म्हशींच्या आणि शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतात ठाण मांडणाऱ्या चपट्या कृमीला आयुष्यातला एक टप्पा त्यांच्या शरीरात काढल्यावाचून गत्यंतर नसते.

हा संबंध उलगडला तो इंग्लंडमधील एका आपत्तीमुळे. १८७९-८० च्या अतिवृष्टीनंतर तेथे या कृमीने सुमारे ३० लाख मेंढ्या दगावल्या आणि ऑक्सफर्डचे तरुण प्राणिशास्त्रज्ञ अल्जर्नन थॉमस यांच्याकडे तपासाचे काम आले. त्यांना हवी असलेली गोगलगाय बराच काळ पुरेशा संख्येने मिळेना. १८८२ च्या पुराने ती आपसूक वाहून आणली. त्याच सुमारास लाइपझिगमध्ये रुडोल्फ लॉयकार्ट हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षापर्यंत पोहोचले. जनावराच्या शेणातून पडलेल्या अंड्यातून पाण्यात केसाळ अळी बाहेर येते, ती गोगलगायीत शिरते, आत एकीच्या शेकडो होतात आणि शेपटीच्या अळ्या बाहेर पडून गवतावर कवच करून चिकटतात. ते गवत जनावराने खाल्ले की चक्र पूर्ण होते.

आपल्याकडचा यकृतकृमी प्रामुख्याने फॅसिओला जायगँटिका या जातीचा, आणि त्याची गोगलगाय लिम्निया ऑरिक्युलारिया. इंग्लंडमधली गोगलगाय ओल्या चिखलावर राहणारी, तर ही बहुतेक काळ संथ पाण्यातच असते. म्हणून आपल्याकडे दलदलीच्या कुरणांइतकेच तलावाचे आणि पाटाचे काठही महत्त्वाचे ठरतात. दुसरी गोगलगाय इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस. चकतीसारखा चपटा शंख असलेली ही जात गुरांच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या शिस्टोसोमा कृमींना आश्रय देते. त्यांपैकी शिस्टोसोमा नेझाले नाकाच्या शिरांत राहतो व जनावर घोरल्यासारखा श्वास घेऊ लागते. त्याचे वर्णन १९३३ मध्ये मद्रासमधून झाले. माणसांतील शिस्टोसोमाचे महाराष्ट्रातील ठिकाण म्हणून १९५२ पासून रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावाचे नाव घेतले जाते. मराठवाड्याच्या जुन्या पिढीला आठवणारा नारूचा कृमी मात्र या कुळातला नव्हे. त्याचा वाहक गोगलगाय नसून सायक्लॉप्स हा पाण्यातला अतिसूक्ष्म जीव होता.

इतकी वर्षे गोगलगायीकडे केवळ वाहक म्हणून पाहिले गेले. वस्तुतः ती स्वतःच रुग्ण असते: कृमीची लागण झालेली गोगलगाय बहुधा अंडी घालणेच थांबवते, तिचे अन्न कृमीच्या वाढीस जाते. त्यामुळे तिच्या शरीराने प्रतिकार न करावा हेच नवल ठरले असते. १९५३ मध्ये न्यूटन या संशोधकांनी माणसांतील शिस्टोसोमा वाहणाऱ्या बायोम्फलारिया या गोगलगायींपैकी पोर्तो रिकोतील सहज लागण होणाऱ्या आणि ब्राझीलमधील लागण न होणाऱ्या गोगलगायींचा संकर करून ही प्रतिकारशक्ती आनुवंशिक असल्याचे दाखवले. प्रतिकारक्षम गोगलगायीत हिमोसाइट नावाच्या रक्तपेशी शिरलेल्या अळीभोवती थरावर थर चढवून तिला तेथेच मारतात. दुसरीत त्याच पेशी जणू अळीला ओळखतच नाहीत. ही ओळख पटवणाऱ्या प्रथिनांचा एक मोठा गट १९९० च्या दशकात हाती लागला आणि बायोम्फलारियाचा संपूर्ण जनुकसंच २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. खेदाची बाब एवढीच, की हे बहुतांश काम माणसांच्या रोगाशी संबंधित आफ्रिकी-अमेरिकी गोगलगायीवर झाले. आपल्या पाटातल्या लिम्नियाच्या वाट्याला त्याचा अल्पांशही आलेला नाही.

मराठवाड्यापुरते पाहता, १९६५ मध्ये पायाभरणी होऊन १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाने कोरडवाहू मुलखात उन्हाळ्यातही ओले राहणारे पाटाचे काठ आणि पाझराची डबकी आणली. जेथे पूर्वी पाऊस सरला की गोगलगायींना मातीत दडी मारावी लागे, तेथे त्यांना पुढचे महिनेही पाणी मिळू लागले. उन्हाळ्यात हिरवे गवत नेमके त्याच काठांवर असते आणि जनावरेही तेथेच चरतात. मोरचुदाने गोगलगायी मरतात खऱ्या, पण त्याच पाण्यातले मासेही वाचत नाहीत. त्यामुळे जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागणे या यकृतकृमीच्या बळावलेल्या लक्षणाची वाट न पाहता शेणाची तपासणी करून जंतनाशक पाजणे आणि पाण्यात बुडून वर आलेले गवत ओले न चारता वाळवून देणे, हेच उपाय आजही पशुपालकाच्या हाती आहेत.