पुदिन्याचा चहा, पॉलिफिनॉल आणि जेवणातले लोह

जेवणानंतर पोट जड झाले की पुदिन्याचा चहा घेतात आणि आराम पडला की त्याचे श्रेय हल्ली सरसकट पॉलिफिनॉल या वनस्पतिजन्य संयुगांना दिले जाते. हे श्रेय बरेचसे चुकीच्या जागी जाते. आतड्याचे स्नायू सैल करते ते पेपरमिंट या पुदिन्याच्या जातीच्या तेलातील मेंथॉल, आणि ते पॉलिफिनॉल नव्हे. (आपल्या मंडईत जुडीने मिळणारा पुदिना बहुधा स्पिअरमिंट जातीचा असतो, त्यात मेंथॉल अगदीच कमी.)

पेपरमिंटमधील मुख्य पॉलिफिनॉल म्हणजे रोझमॅरिनिक आम्ल आणि एरिओसिट्रिन. वाळवून चुरलेल्या पानांवर उकळते पाणी ओतले की त्यांचा बराचसा अंश पहिल्या काही मिनिटांतच पाण्यात उतरतो. पुढे वेग मंदावतो. प्रयोगशाळेत पाण्यात इथेनॉल किंवा मिथेनॉल मिसळून अधिक अर्क काढतात आणि त्यात फोलिन-सिओकॅल्टो हे पिवळे अभिकर्मक घालतात. मिश्रण निळे होते व त्या निळेपणावरून एकूण पॉलिफिनॉलचा अंदाज बांधला जातो. अंदाजच म्हणायचा, कारण क जीवनसत्त्वानेही तो रंग येतो.

पोटात गेलेल्या पॉलिफिनॉलपैकी थोडाच भाग लहान आतड्यात शोषला जातो. उरलेला मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या वाट्याला येतो. स्टार्च पचवणाऱ्या विकरांना ही संयुगे परीक्षानळीत रोखतात खरी, पण तेवढ्यावरून कपभर चहाबद्दल दावे करणे घाईचे ठरेल.

माणसांवर मोजलेला ठोस परिणाम आहे तो लोहावर. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पावाच्या जेवणासोबत निरनिराळी पेये देऊन शरीराने किती लोह शोषले ते तपासले गेले. साध्या पाण्याच्या तुलनेत पेपरमिंटच्या चहाने हे शोषण 84 टक्क्यांनी घटले, तर कॅमोमाइल या फुलांच्या चहाने 47 टक्क्यांनी. म्हणजे वनस्पतिजन्य चहा पेपरमिंटचा असेल, तर तो या बाबतीत काळ्या चहाच्याच पंक्तीला बसतो. कारण रासायनिक आहे: पॉलिफिनॉलच्या रेणूंवरील शेजारशेजारचे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यात शोषले जात नाही. लोखंडी कढईत चहाचे पाणी काळे पडते, तेही याच बंधामुळे.

डाळी, पालेभाज्या आणि भाकरीतले लोह याच प्रकारे अडकणारे असल्याने शाकाहारी माणसाने, आणि रक्तक्षय असल्यास विशेषतः, असा चहा जेवणाला लागून न घेता तासाभराने घ्यावा. जेवणात लिंबू पिळल्यास त्यातील क जीवनसत्त्व हा अडथळा काहीसा कमी करते.