हायब्रिडची बॅटरी स्मॉग चाचणीत कशी शिरली

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी स्मॉग चाचणीत नापास झाली आणि मेकॅनिक म्हणाला, ‘इंजिन ठणठणीत आहे, बॅटरी गेली,’ की मालक आधी बुचकळ्यात पडतो. गाडी नेली होती धूर तपासायला, तिथे बॅटरीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो नियमांनीच जोडलेला आहे. त्यासाठी कॅलिफोर्नियात 1990 पर्यंत मागे जावं लागतं. त्याआधीचं थोडक्यात सांगायचं तर लॉस एंजेलिसच्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचं खापर 1950 च्या दशकात गाड्यांवर फुटलं, 1966 च्या मॉडेलपासून राज्याने धुरावर मर्यादा घातली, 1975 च्या सुमारास कॅट, म्हणजे नळीतला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आला आणि 1984 मध्ये दर दोन वर्षांची चाचणी सुरू झाली.

1990 मध्ये राज्याच्या हवा-नियामकांनी मोठ्या कंपन्यांना फर्मान काढलं: 1998 मध्ये विक्रीतल्या 2 टक्के आणि 2003 मध्ये 10 टक्के गाड्या शून्य धुराच्या हव्यात. त्या काळच्या बॅटऱ्या पाहता कंपन्यांनी हातपाय आपटणं साहजिकच होतं. 1996 मध्ये 2003 पूर्वीचे टप्पे रद्द झाले, पण 10 टक्क्यांची टांगती तलवार राहिली. मग 1998 मध्ये एक मधली वाट निघाली आणि तिला नाव मिळालं ‘पार्शल झिरो’, म्हणजे अंशतः शून्य. शून्याचा अंश काय असतो, हे गणिताच्या मास्तरांना विचारू नये. अर्थ एवढाच की पेट्रोलवर चालणारी, पण अतिस्वच्छ गाडी विकली तर तिचे काही गुण शून्य-धुराच्या खात्यात जमा होणार.

या नावाने आजही गोंधळ होतो. ‘पार्शल झिरो’ म्हणजे गाडी काही अंतर विजेवर चालते, असं पुष्कळांना वाटतं. पण हायब्रिड नसलेल्या कितीतरी साध्या सेडानही या वर्गात बसल्या. अटी वेगळ्याच होत्या. नळीतला धूर अत्यंत कडक मर्यादेत राहिला पाहिजे, तोही 1,50,000 मैलांपर्यंत. टाकी आणि इंधनाच्या नळ्यांतून पेट्रोलची वाफ जवळजवळ सुटता कामा नये. आणि धुराशी संबंधित सगळ्या भागांची 15 वर्षं किंवा 1,50,000 मैलांची वॉरंटी कंपनीने द्यायची. पुढे हायब्रिडसाठी याच वर्गात ‘प्रगत तंत्रज्ञाना’ची वरची पायरी आली आणि 2004 च्या मॉडेलची टोयोटाची हायब्रिड प्रियस तिच्यावर जाऊन बसली.

खरी मेख वॉरंटीत होती. गाडी स्वच्छ राहते ती मोटर आणि बॅटरीमुळे, मग बॅटरी हाही धुराशी संबंधित भाग झाला. पण निकेलच्या बॅटरीची 15 वर्षांची हमी द्यायला कोण धजावणार? तडजोड झाली: बाकीच्या भागांना 15 वर्षं, बॅटरीला 10, मैल तेवढेच. कॅलिफोर्नियात आणि तिचे नियम उचलणाऱ्या राज्यांत ही हमी मिळाली. इतर राज्यांत त्याच गाडीच्या बॅटरीला 8 वर्षं आणि 1,00,000 मैल. कारखाना एक, बॅटरी एक, फरक फक्त राज्याचा.

हा निर्णय मला अर्धाच पटतो. पहिल्या मालकाची त्याने चांदी झाली. पण बॅटरी एकदा धुराच्या हिशेबात आली ती दहा वर्षं उलटल्यावर बाहेर पडत नाही. हमी संपते, जबाबदारी राहते. त्यात नव्या गाडीला पहिली काही वर्षं चाचणी माफ असते. आधी ही सूट 6 मॉडेल-वर्षांची होती, 2019 पासून 8 ची झाली. म्हणजे चाचणी पहिल्यांदा दार ठोठावते तेव्हा बॅटरीची हमी संपत आलेली असते, आणि गाडी अनेकदा दुसऱ्या मालकाकडे गेलेली असते.

दुसरा धागा गाडीतल्या संगणकाचा. 1996 पासून प्रत्येक नव्या गाडीत स्वतःवर नजर ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. धूर वाढवू शकेल असा कुठलाही भाग बिघडला की तिने चेक इंजिनचा दिवा लावायचा. 2004 ते 2009 च्या प्रियसच्या बॅटरीत 28 मॉड्यूल एकापुढे एक बसवलेली असतात आणि संगणक त्यांचा विजेचा दाब (व्होल्टेज) जोड्यांनी मोजतो, एकूण 14 जोड्या. एखादी जोडी भार पडल्यावर इतरांच्या मागे राहू लागली की पी0ए80 हा बिघाडाचा कोड पडतो, दिवा लागतो आणि लाल त्रिकोण उगवतो. उरलेल्या 13 जोड्या धडधाकट असल्या तरी दिवा लागलेला, म्हणून स्मॉगच्या दृष्टीने गाडी नापास. त्या मॉड्यूलची किंमत शंभर डॉलरच्या आत असते, पण ते एकटं बदललं की काही महिन्यांत शेजारचं मान टाकतं, कारण सगळी एकाच वयाची. नवा पूर्ण पॅक दोन हजार डॉलरच्या पुढे जातो. मागच्या सीटच्या बाजूला बॅटरीच्या पंख्याची जाळी असते. तिच्यात कुत्र्याचे केस आणि धूळ अडकून बॅटरी तापते आणि लवकर म्हातारी होते. ती जाळी साफ करायला मात्र काही पैसे पडत नाहीत.

‘अंशतः शून्य’च्या हट्टापायी त्या पिढीत आणखी दोन चिजा होत्या. एक म्हणजे थर्मास. पुढच्या बाजूला सुमारे तीन लिटरचा थर्मास बसवून त्यात गरम कूलंट साठवायचं, म्हणजे सकाळी थंड इंजिन लवकर तापतं आणि सुरुवातीचा घाणेरडा धूर कमी होतो. कल्पना झकास, पण कूलंट वळवणारा झडप-व्हॉल्व्ह अडकला की तोही दिवा लावतो. दुसरी चीज म्हणजे टाकीतली लवचिक पिशवी. वाफ साठायला जागाच उरू नये म्हणून पेट्रोल पिशवीत. थंडीत ती आखडायची, पेट्रोल भरताना पंप मध्येच बंद व्हायचा, आणि टाकी भरली की नाही हे गाडीलाही नक्की कळायचं नाही. 2010 च्या मॉडेलपासून पिशवी गेली.

चाचणीघरं मात्र बराच काळ मागेच होती. जुनी पद्धत म्हणजे गाडी रोलरवर चढवून ताशी 15 आणि 25 मैलांच्या वेगाला नळीत सळई घालायची. हायब्रिड या वेगाला इंजिनच बंद करते, मग मोजायचं काय? म्हणून सुरुवातीची बरीच वर्षं हायब्रिडला चाचणीतून वगळलं होतं. मार्च 2015 पासून 2000 च्या आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांची नळी तपासणं थांबलं आणि निवाडा गाडीच्या संगणकाला जोडलेल्या तारेवर आला. त्याच वेळी हायब्रिडही रांगेत आल्या. तोवर पहिल्या प्रियस पंधरा वर्षांच्या झाल्या होत्या.

तारेवरच्या चाचणीला फसवण्याचा उपाय सर्वांना माहीत होता: आदल्या रात्री 12 व्होल्टची बॅटरी काढायची, कोड पुसला जातो. पण त्यासोबत गाडीच्या आतल्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात आणि त्या नव्याने पुऱ्या होईपर्यंत गाडी ‘तयार नाही’. हायब्रिडमध्ये हे जास्त रखडतं. कॅटची चाचणी व्हायला इंजिन सलग तापलेलं लागतं आणि ते तर सिग्नलला बंद पडतं. शहरात आठवडाभर फिरून काम होत नाही, हायवेवर एका वेगाने दामटली तर होतं. 1 जुलै 2019 पासून उरलीसुरली फटही बुजली. 2010 च्या आणि नंतरच्या गाड्यांत कायमस्वरूपी कोडही वाचले जाऊ लागले आणि ते हाताने पुसता येत नाहीत. कोड पुसल्यानंतर 15 वेळा इंजिन तापून गाडी 200 मैल चालली असेल तरच तिकडे दुर्लक्ष होतं.

खर्चाला काही मर्यादा आहे का, हा पुढचा प्रश्न. 1990 च्या संघीय कायद्याने कडक चाचणी असलेल्या प्रदेशांसाठी 450 डॉलरची रेघ मारली. तेवढं दुरुस्तीवर घालूनही गाडी पास झाली नाही, तर सूट मिळू शकते. कॅलिफोर्नियात हा आकडा 650 झाला, आणि सूट एकाच वेळेपुरती. पण धुराशी संबंधित एखादा भाग गाडीवर नसेलच, तर ही सूट लागू होत नाही. 2019 नंतर कॅटचोरांनी 2004 ते 2009 च्या याच प्रियसवर हात मारायला सुरुवात केली. ऱ्होडियम आणि पॅलेडियमचे भाव चढले होते आणि हायब्रिडच्या कॅटमध्ये हे धातू कमी झिजलेले मिळतात. सकाळी गाडी सुरू केली की ट्रॅक्टरसारखा आवाज येतो, आणि खाली वाकून पाहावं तर नळी कापलेली. बदली कॅट राज्याने मान्य केलेलाच लागतो, त्यावरचा क्रमांक तपासनीस आरशाने पाहतो. स्वस्तातला, बिनमान्यतेचा कॅट बसवला की गाडी दिवा न लागताही नापास होते, आणि 650 ची सूट मागायला गेलं तर तिथेही दार बंद.