साठ की आठ? फोन काय गाळतो

नव्वदच्या दशकात माझे मामा कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. हंगामात दुकानातला काळा फोन सकाळपासून खणखणत असायचा. गुऱ्हाळावरून शेतकरी विचारायचे, आज सौद्यात दर काय निघाला. मग उद्या किती रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, येणार ते सांगायचे. एकदा पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका शेतकऱ्यानं "उद्या साठ रवं धाडतोय" असं कळवलं आणि मामांनी वहीत आठ लिहिलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर दारात उभा, आणि दुकानात ना जागा, ना हमाल. शेतकरी म्हणत होता, "साठच म्हटलं हुतं की वो!" मामा शपथेवर सांगत होते, आठच ऐकलं. दोघंही खरं बोलत होते. बावन्न रव्यांचा फरक करणारा तो 'स' वाटेतच गळला होता.

हे कसं झालं ते मला बऱ्याच वर्षांनी, ध्वनीचं शास्त्र शिकताना कळलं. आणि तेव्हापासून फोनचं कुठलंही नवं तंत्र बाजारात आलं की मी एकच प्रश्न विचारतो: हे काय गाळतं? कारण दळणवळणाचं प्रत्येक तंत्र काटकसरीवर उभं आहे. काहिलीत उकळणाऱ्या रसावरची मळी काढून टाकावी, तसा फोन त्याला बिनकामाचा वाटलेला भाग काढून टाकतो आणि उरलेलं पाठवतो. मळीबरोबर थोडा रसही गेला, तर तो नेमका कुठला, हे धंदा करणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

आधी 'स'चं पाहू. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं असलेले, आवाज ऐकू येतात. जुन्या टेलिफोननं त्यातला ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवला. एका केबलमधून जास्तीत जास्त संभाषणं न्यायची, म्हणून प्रत्येक संभाषणाला अरुंद गल्ली दिली. 'आ' उच्चारताना घशातल्या स्वरतंतूंचं कंपन होतं, आणि त्याचा बहुतेक जोर या पट्ट्यात मावतो. 'स'मध्ये स्वरतंतू हलतच नाहीत. जीभ दातांच्या मागं नेऊन आपण हवा एका बारीक फटीतून सोडतो, आणि त्या सुसकाऱ्याचा मुख्य जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो. म्हणजे गल्लीच्या बाहेर. 'श'चा जोर जरा खालच्या पट्टीत असल्यामुळे तो थोडाफार तगतो. करून पाहा: आधी लांब 'सऽऽ' म्हणा, मग लांब 'शऽऽ'. दुसरा लगेच खर्जातला वाटेल. आता 'साठ'मधला 'स' काढून टाका. मागं राहतो तो 'आठ'.

आपण बहुतेक वेळा संदर्भावरून गाळलेलं भरून काढतो. 'सांगली' म्हटलं की कुणी 'आंगली' ऐकत नाही. पण आकड्याला संदर्भ नसतो. साठ रवे येऊ शकतात, आठही येऊ शकतात. धंद्याचं बोलणं तर आकड्यांचंच, म्हणून या गाळण्याचा फटका व्यापाऱ्याला सगळ्यात जास्त.

पुढं टेलिफोन एक्स्चेंज डिजिटल झाली. आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत (बिट म्हणजे शून्य किंवा एक असा एक अंक) लिहायचं, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. तारेवर हे परवडलं. मग ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, आणि तारेची जागा हवेनं घेतली. हवेतल्या लहरी मोजक्याच असतात आणि त्या सगळ्यांनी वाटून घ्यायच्या असतात. तिथं ६४,००० बिटांची चैन शक्य नव्हती. जीएसएम या २जी पद्धतीच्या मोबाइलनं तेच बोलणं १३,००० बिटांत बसवलं.

ही करामत मला आजही थक्क करते. जीएसएम फोन तुमचा आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. तो दर २० मिलिसेकंदांचा तुकडा घेतो आणि त्या क्षणी बोलणाऱ्याच्या घशाचा, तोंडाचा आकार साधारण कसा असेल, कंपन किती वेगानं चाललं असेल, याचं वर्णन २६० बिटांत लिहितो. पलीकडचा फोन ते वर्णन वाचून आवाज नव्यानं घडवतो. शिरोलीच्या फौंड्रीनं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यानं, कास्टिंग (ओतीव भाग) ट्रकमध्ये भरून पाठवण्याऐवजी नुसतं ड्रॉइंग पाठवावं आणि तिकडच्यांनी ते ओतून घ्यावं, तसं. आईचा आवाज फोनवर आपल्याला ओळखू येतो, तो तिकडं हातातल्या यंत्रात ओतलेला असतो.

मात्र पट्टा तोच राहिला, ३,४०० हर्ट्झपर्यंतचा. त्यामुळे मोबाइल आला तरी साठ-आठचा घोटाळा चालूच राहिला. तो कमी झाला तो ४जीवरच्या व्होल्टी कॉलमुळे. आपल्याकडं २०१६ नंतर हे कॉल सरसकट झाले. यात बहुधा एएमआर-वाइडबँड नावाची पद्धत वापरतात आणि तिचा पट्टा ५० ते ७,००० हर्ट्झ असतो. तिचा एक नेहमीचा दर आहे सेकंदाला १२,६५० बिट, म्हणजे जुन्या १३,००० पेक्षाही कमी! खर्च तेवढाच आणि पट्टा दुप्पट, कारण मधल्या काळात आवाजाचं वर्णन लिहिण्याचं गणित सुधारलं. 'स' परत आला. पण एक अट आहे. दोन्ही टोकांचे फोन आणि मधलं सगळं नेटवर्क या पद्धतीचं हवं. वाटेत कुठं जुनं एक्स्चेंज लागलं किंवा पलीकडं २जीचा फोन असला, की पुन्हा तीच अरुंद गल्ली.

व्होल्टी कॉल आणि व्हॉट्सअॅपवरचा कॉल यांतला फरकही अनेकांना माहीत नसतो. दोन्हींमध्ये आवाजाची पाकिटं करून इंटरनेटच्याच पद्धतीनं पाठवतात. पण व्होल्टीच्या पाकिटांसाठी नेटवर्क ठरावीक क्षमता राखून ठेवतं, तर अॅपच्या पाकिटांना इतर सगळ्या डेटाबरोबर रांगेत उभं राहावं लागतं. नवरात्रात महाद्वार रोडच्या गर्दीत उभं राहून व्हॉट्सअॅप कॉल करून पाहा, शब्द तुटतील. साधा कॉल तिथंच बऱ्यापैकी चालेल. दर ठरवायचा असेल तर साधा कॉल बरा.

आता आवाज सोडून चित्राकडं येऊ, कारण उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांचं निम्मं बोलणं हल्ली फोटोंतून चालतं. माझा एक मित्र फौंड्रीत क्वालिटी बघतो. मशीनिंगनंतर एका कास्टिंगवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली. त्यानं फोटो काढून पुण्याच्या ग्राहकाला व्हॉट्सअॅप केला. उत्तर आलं, "यात तर काहीच दिसत नाही." मित्राच्या फोनवर छिद्रं स्पष्ट होती. पोचलेल्या फोटोत तिथं गुळगुळीत करडा डाग होता.

हा दुसरा 'स'. फोटो लहान करणारी जेपेग पद्धत चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनात ठळक, सावकाश बदल किती आणि बारीक, झपाट्यानं होणारे बदल किती, ते वेगळं काढते. सावकाश बदल जपून ठेवते, बारीक बदल आधी गाळते. लग्नाच्या फोटोत ते खपून जातं. पण कास्टिंगवरचं छिद्र म्हणजेच तो बारीक बदल! ध्वनीत उंच कंपनं गाळली तशी इथं चित्रातली उंच कंपनं गाळली, आणि दोन्हीकडं नेमकं कामाचं तेच गेलं. उपाय सोपा आहे. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की फाइल जशीच्या तशी जाते. मित्रानं तसं केलं, आणि ग्राहकाला छिद्रं मोजतासुद्धा आली.

एसएमएसमध्ये गाळणं नाही, पण जागेची टंचाई भयंकर. एका संदेशाला १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट. रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला १६ बिट, म्हणून फक्त ७०. त्यातही यंत्राचं मोजणं आपल्यासारखं नाही. 'श्री' आपल्या डोळ्यांना एक अक्षर, यंत्राला चार खुणा: श, पाय मोडायची खूण, र आणि दीर्घ वेलांटी. 'कोल्हापूर' लिहायला ९ खुणा खर्ची पडतात. दूध संस्थेनं सकाळ-संध्याकाळ शेकडो सभासदांना लिटर, फॅट आणि रक्कम शुद्ध मराठीत कळवायची म्हटलं, तर एकाचे दोन संदेश होतात आणि खर्चही दुप्पट. धंद्याचे इतके संदेश आपल्याला रोमन अक्षरांत येतात, त्यामागं हे गणित मोठं आहे असं मला वाटतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. आपली भाषा लांबलचक नाही, तिला मोजायची फूटपट्टी दुसऱ्या लिपीसाठी बनवलेली आहे.

तरी एसएमएसला कमी लेखू नये. तो कॉल जोडण्याच्या सूचना जातात त्या मार्गानं जातो, आणि पलीकडचा फोन बंद असला तर नेटवर्कच्या केंद्रात थांबून राहतो. पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की आपल्याकडं वीज आणि टॉवर दोन्ही डळमळतात. अशा वेळी कॉल लावत बसण्यापेक्षा 'सुखरूप आहे' एवढा संदेश टाकून ठेवावा. मिनिटभर जरी रेंज आली तरी तो पोचतो.

काटकसरीचं शेवटचं टोक बघायचं असेल तर कुठल्याही चपलांच्या दुकानात जा. ग्राहक क्यूआर कोड स्कॅन करतो आणि गल्ल्याजवळचा डबा बोलतो, "चारशे सत्तेचाळीस रुपये मिळाले." त्या डब्यात स्वतःचं सिम कार्ड असतं. हवेतून येतो तो फक्त आकडा, आणि तो मोजक्या बिटांत मावतो. शब्द डब्यातच साठवलेले असतात, ते जोडून वाक्य तयार होतं. इंग्रजीला यासाठी थोडे शब्द पुरतात, कारण चाळीसपुढं सात जोडला की काम झालं. मराठीत एक ते नव्व्याण्णव जवळपास प्रत्येक आकड्याचा शब्द स्वतंत्र आहे. सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट सगळे वेगळे साठवायचे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! जुने शब्द मलाही प्रिय आहेत, पण फोनवरचा व्यवहार बघता ती पद्धत मला पटते. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांत फोनवर गफलत होते. 'साठ नऊ' म्हटलं तर होणार नाही.

यापुढचं तंत्र मात्र मला सावध करतं. गोंगाट पुसून टाकणारी सोय आता फोनमध्ये आणि मीटिंगच्या अॅपमध्ये आलेली आहे. भट्टीच्या शेडमधून बोललात तरी पलीकडं शांत ऐकू येतं. पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं 'स' हासुद्धा गोंगाटच आहे, नुसत्या हवेचा सुसकारा. गोंगाट पुसणारं यंत्र जास्त हौशी असेल तर त्यालाही खाऊन टाकतं. २०२१ मध्ये गूगलनं 'लायरा' नावाची पद्धत आणली. तिला सेकंदाला ३,००० बिट पुरतात, बाकीचा आवाज शिकवलेलं यंत्र भरून काढतं. जुना फोन गाळायचा तेव्हा खरखर यायची, आपण "काय?" म्हणून पुन्हा विचारायचो. भरून काढणारं यंत्र चुकलं तर खरखर येणार नाही. चुकीचाच शब्द स्वच्छ आवाजात येईल.

ही भीती हवेतली नाही. २०१३ मध्ये जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीसेल यांनी बांधकामाचा एक नकाशा स्कॅन केला. मूळ कागदावर तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती. स्कॅन झालेल्या कागदावर तिन्ही ठिकाणी १४.१३ छापलेलं होतं, अगदी सुबक. जागा वाचवण्यासाठी यंत्र एकसारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवून पुन्हा पुन्हा वापरत होतं, आणि त्याला हे तुकडे एकसारखे वाटले होते. कागद कुठंही धूसर नव्हता, म्हणून कुणाला शंकाही येत नव्हती.

या सगळ्यावरचा उतारा अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्येच गणितानं दाखवून दिला होता: वाट खराब असेल तर संदेशात हिशोबानं भर घाला, म्हणजे काही गळलं तरी उरलेल्यावरून मूळ मिळवता येतं. जीएसएम फोन हेच करतो. आवाजाच्या २६० बिटांचे तो ४५६ करून हवेत सोडतो. त्यातही सरसकट नाही. चुकले तर बोलणंच कळणार नाही अशा ५० बिटांना सगळ्यात भक्कम कवच, पुढच्या १३२ ना त्याहून कमी, आणि उरलेले ७८ तसेच उघडे. आधी मोठ्या कष्टानं वाचवायचं आणि मग त्यातलं मोलाचं तेवढं दुणावून पाठवायचं.

मामांनी शॅनन यांचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण त्या ट्रॅक्टरच्या दिवसापासून त्यांनी फोनवर आकडा घ्यायची रीत बदलली. साठ सांगितले की लगेच विचारायचे, "सहावर पूज्य ना?" (पूज्य म्हणजे शून्य.) पलीकडून "व्हय, सहावर पूज्य" आलं की मगच वहीत लिहायचे. आता दुकान मामेभाऊ बघतो. परवा त्याच्याकडं बसलो होतो, तेव्हा एका तरण्या शेतकऱ्याचा व्हॉइस मेसेज आला. मागं गुऱ्हाळाच्या इंजिनाचा आवाज होता, आणि त्यावरून ओरडून तो सांगत होता, "दादा, सकाळी साठ रवं येत्यात. सहावर पूज्य, बरं का!"