आईच्या दिवसाचे तुकडे

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या मुलाला भरवायला कधीकधी पाऊण तासही लागतो. मान सावरायची, हनुवटी किंचित खाली ठेवायची, घास छोटा घ्यायचा आणि तो गिळला गेल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. हे दिवसातून तीन-चारदा.

अपंगत्व असलेल्या मुलांच्या आयांच्या कामाचे तास वाढतात हे उघडच आहे. पण संशोधकांनी जवळून पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने स्वमग्न किशोरवयीन आणि प्रौढ मुलांच्या आयांना सलग 8 दिवस रोज संध्याकाळी फोन करून त्या दिवसाचा हिशेब विचारला. 2010 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इतर आयांपेक्षा या बायकांचे रोजचे किमान 2 तास मुलाच्या देखभालीत जास्त जात होते. शिवाय नोकरीच्या कामात त्यांना दर 4 दिवसांतून एकदा व्यत्यय येत होता. इतर आयांच्या बाबतीत हे 10 दिवसांत एकदाही घडत नव्हतं. म्हणजे दिवस नुसता लांबत नाही, त्याचे तुकडे पडतात. बसल्या जागी एक काम पुरं होत नाही, आणि विश्रांती घेतानाही एक कान मुलाकडेच असतो.

याच आयांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल तपासलं, तर ते अपेक्षेपेक्षा कमी निघालं. हे संप्रेरक सकाळी उठल्यावर वाढतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. ताण आला की ते चढतं, हे आपण ऐकलेलं असतं. पण वर्षानुवर्षं ताण राहिला की ही यंत्रणाच मंदावते, असं मानलं जातं. असाच नमुना दीर्घकाळ ताणाखाली राहिलेल्या इतर गटांतही, अगदी युद्धावरच्या सैनिकांतही दिसला आहे. मात्र दिवसातले आनंदाचे प्रसंग या आयांनी इतरांइतकेच नोंदवले होते. ‘बिचारी’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

2004 मध्ये एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न (ब्लॅकबर्न यांना पुढे 2009 चं नोबेल मिळालं) यांनी 58 आयांच्या पेशींतले टेलोमेअर, म्हणजे गुणसूत्रांची वयाबरोबर आखूड होत जाणारी टोकं, मोजले. यांतल्या 39 आयांची मुलं दीर्घकाळ आजारी होती. ज्यांना स्वतःला ताण सर्वाधिक जाणवत होता, त्यांचे टेलोमेअर सर्वांत कमी ताण जाणवणाऱ्यांच्या तुलनेत निदान 10 वर्षांनी म्हाताऱ्या पेशींसारखे आखूड होते. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार मोठा इमला रचू नये. तरी त्यावरून ‘ताण मानू नका म्हणजे झालं’ असा सोयीचा अर्थ काढला जातो, तो मला पटत नाही. ताण किती जाणवतो, हे रात्री मुलासाठी आईऐवजी कधी दुसरं कुणी उठतं का, यावरही ठरतं.

मदत कशी असावी? अमेरिकेतल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाने 2014 मध्ये 243 आयांवरची चाचणी प्रसिद्ध केली. 6 आठवडे, आठवड्यातून एकदा गटाची बैठक. शिकवणाऱ्या तज्ज्ञ नव्हत्या. प्रशिक्षण घेतलेल्या, त्याच वाटेने गेलेल्या आयाच होत्या. एका गटाला श्वास आणि सजगतेचे सराव, दुसऱ्याला अपराधीपणासारख्या भावना हाताळण्याची तंत्रं. दोन्हींत नैराश्य आणि चिंता घटली. सजगतेच्या गटात झोपही अधिक सुधारली.

ऑक्युपेशनल थेरपीत (रोजची कामं जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारात) ‘समतोल’ म्हणजे तासांची समान वाटणी नव्हे. आपल्याला हवीशी वाटणारी कामं, करावी लागणारी कामं आणि आराम यांचं प्रमाण स्वतःला पटण्यासारखं आहे का, हा प्रश्न असतो. म्हणून आईला एकटीने निवांत बसायला, मैत्रिणींना भेटायला, व्यायाम करायला कितीदा मिळतं, हे थेट विचारलेलं बरं.

गंमत अशी की तिच्या वेळेवर सर्वांत निर्धास्त हक्क सांगणाऱ्यांत आपण उपचार करणारेही असतो. फिजिओ वीस मिनिटांचे व्यायाम देतो, स्पीच थेरपिस्ट पंधरा मिनिटांचे, शाळा आणखी काही. बेरीज कुणीच करत नाही. काही थेरपिस्ट आता घरी करायचे व्यायाम वेगळे न देता अंघोळ आणि कपडे घालण्यातच बसवून देतात: बाही चढवताना हात ताणायचा, साबण मागताना शब्द काढायला लावायचा. नवीन काही द्यायच्या आधी जुनं काय बंद करायचं, हेही ते आईलाच विचारतात.