इंजिनामागची गर्दी आणि इंजिनाची मते

गुढीपाडव्याला राज ठाकरेंना ऐकायला शिवाजी पार्क भरते, भाषणातल्या नकलांवर शिट्ट्या पडतात, दुसऱ्या दिवशी सगळी वर्तमानपत्रे त्याच भाषणाने भरतात. आणि तरीही विधानसभेत त्यांच्या मनसेची, म्हणजे रेल्वे इंजिन चिन्हाच्या पक्षाची, पाटी कोरी. याचे कोडे दर निवडणुकीला नव्याने घातले जाते, पण ते नवे नाही.

२००९ मध्ये १३ आमदार आले, तो आकडा समर्थक आजही उराशी धरून आहेत. मते मात्र राज्यात पावणेसहा टक्क्यांच्या आसपासच होती. १३ पैकी ६ जण मुंबईतले आणि ३ नाशिक शहरातले. म्हणजे मते थोडी, पण एका जागी साचलेली, त्यातली बरीचशी धनुष्यबाणावर, म्हणजे शिवसेनेवर, रुसलेल्यांची. त्याआधीच्या वर्षी रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली, पुढे नेत्याला अटक झाली. कट्टर कार्यकर्ता घडला तो तिथे. कुंपणावरचा मतदार दचकला तोही तिथेच. २०१२ ला नाशिक पालिकेत १२२ पैकी ४० जागा मिळाल्या, महापौर झाला. पाच वर्षांनी तिथे ५ उरल्या.

पुढे पलट्यांचा काळ. २०१४ च्या लोकसभेत धनुष्यबाणासमोर उमेदवार उभे केले, आणि निवडून आले तर पाठिंबा त्याच धनुष्यबाणाच्या दिल्लीतल्या मित्राला, नरेंद्र मोदींना! २०१९ ला एकही उमेदवार न देता ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत त्याच मित्रावर तोफ. सोलापूरच्या सभेत तर मेळघाटातल्या हरिसालचा, सरकारी जाहिरातीत झळकलेला तरुणच मंचावर आणून उभा केला. टाळ्या प्रचंड पडल्या. सोलापूर आणि नांदेडचे विरोधी उमेदवार मात्र आपटले. २०२० च्या जानेवारीत झेंडा भगवा झाला, २०२२ ला मशिदींवरचे भोंगे आणि हनुमान चालिसा. कट्टर माणूस प्रत्येक वळणावर सोबत राहिला, कारण त्याची निष्ठा माणसावर, भूमिकेवर नाही. बाहेरच्याला दरवेळी विचारावे लागले : आता कुणाच्या बाजूने?

सगळ्यात जास्त घोळ घातला तो ‘बिनशर्त’ या एका शब्दाने. ९ एप्रिल २०२४, शिवाजी पार्क. महायुतीला बिनशर्त पाठिंबा जाहीर झाला. समर्थकांनी अर्थ लावला : राज्यसभा नको, विधान परिषद नको, देशासाठी. टीकाकारांनी लावला : काहीतरी ठरलेय. मित्रपक्षांनी लावलेला अर्थ सगळ्यात सोपा होता, शर्त नाही म्हणजे देणेही नाही. सहा-सात महिन्यांनी विधानसभेला इंजिन स्वबळावर धावले, तेव्हा या शब्दाची किंमत माहीममध्ये कळली. तिथे नेत्याचा मुलगा अमित पहिल्यांदाच उभा होता. महायुतीतल्या थोरल्या भावाने, भाजपने, जाहीरपणे मुलाची बाजू घेतली, पण ज्या पक्षाचा विद्यमान आमदार तिथे होता त्या शिंदेंच्या शिवसेनेने उमेदवारी मागे घेतली नाही. मुलगा तिसरा आला, मते सुमारे ३३ हजार. मशाल, म्हणजे उद्धव ठाकरेंची शिवसेना, जिंकली ती तेराशेच्या आसपास मतांनी. राज्यात एकही जागा नाही, मते दीड टक्क्याच्या थोडी वर. माझ्या मते पाठिंबा देण्यात चूक नव्हती. चूक पुढे त्याच मित्राविरुद्ध लढण्याची वेळ येईल हे न ओळखण्यात होती. याला नशीब म्हणणारे म्हणोत.

दोनच महिन्यांनी वरळीत कार्यकर्त्यांसमोर वेगळे स्पष्टीकरण आले : लोकांनी मते दिली, ती आमच्यापर्यंत पोचली नाहीत. सभागृहात टाळ्या पडल्या.

२०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदीचा सरकारी निर्णय निघाला, बदलला, २९ जूनला मागे घेतला गेला. मराठीच्या मुद्द्यावर, फारशी वळणे न घेता, इंजिन पुन्हा मूळ रुळावर आले. ५ जुलैला वरळीतच राज आणि उद्धव हे दोन चुलतभाऊ जवळपास वीस वर्षांनी एका मंचावर आले. माहीममध्ये मुलाला हरवणारी मशाल शेजारच्याच खुर्चीत होती. त्या मेळाव्यात कुणी पक्षाचा झेंडा आणायचा नाही, असे आधीच ठरले होते.