कमांडर खेळातील डावपेच

कमांडर हा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचा, बहुधा चौघांनी खेळायचा प्रकार आहे. मूळ खेळ रिचर्ड गारफील्ड यांनी रचला व अमेरिकेतील विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने तो १९९३ मध्ये बाजारात आणला. कमांडर मात्र खेळणाऱ्यांमध्येच जन्मला. अलास्कात सुरू झालेला हा प्रकार आधी ‘एल्डर ड्रॅगन हायलँडर’ या नावाने ओळखला जाई. शेल्डन मेनरी आणि इतर स्पर्धा-पंचांनी तो सर्वदूर नेला; कंपनीने त्यासाठी तयार डेक, म्हणजे खेळायला जुळवलेले पत्त्यांचे संच, २०११ मध्ये काढले.

डेकमध्ये १०० पत्ते असतात. मूलभूत लँड (माना, म्हणजे पत्ते खेळायला लागणारी शक्ती, देणारे साधे पत्ते) वगळता कोणताही पत्ता दोनदा घेता येत नाही. प्रत्येकाचे ४० लाइफ (जीवनगुण; ते संपले की खेळाडू बाद) असल्याने तिघांना हरवायचे म्हणजे १२० लाइफ संपवायचे. म्हणून दोघांच्या सामन्यात झटपट जिंकणारे आक्रमक डेक इथे मध्येच दमतात. एकाच कमांडरने, म्हणजे डेकच्या म्होरक्या पत्त्याने, लढाईत एखाद्या खेळाडूला २१ डॅमेज (इजा) केले तर तो बाद होतो, ही त्यातली एक पळवाट.

या खेळाचे खरे मर्म देवाणघेवाणीच्या हिशेबात आहे. ‘स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स’ या पत्त्याने एका माना‌मध्ये समोरच्याचा बलाढ्य क्रीचर (लढणारा पत्ता) हटवता येतो. दोघांच्या सामन्यात हा सौदा चोख. चौघांत मात्र पत्ता तुमचाही गेला आणि त्याचाही, तर उरलेले दोघे काही न गमावता पुढे सरकले. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ! त्यामुळे असा पत्ता खरोखर जिवावर बेतेपर्यंत हातात राखावा. सगळ्यांचे क्रीचर एकदम नष्ट करणाऱ्या ‘रॅथ ऑफ गॉड’चे मोल याच कारणाने वाढते.

दुसरी गोष्ट इतरांच्या लक्षाची. ‘प्रोपगंडा’ हा पत्ता मांडला की तुमच्यावर चालून येणाऱ्या प्रत्येक क्रीचरमागे २ माना मोजावे लागतात. हल्ला तेवढ्याने थांबत नाही, तो शेजाऱ्याकडे वळतो. ‘रिस्टिक स्टडी’ या पत्त्याची गंमत याहून खोल आहे. प्रतिस्पर्ध्याने स्पेल (लँडखेरीज कोणताही पत्ता) खेळताना १ माना जादा भरला नाही, तर स्टडीच्या मालकाला पत्ता ओढता येतो. प्रत्येक जण स्वतःची चाल साधायला तो माना वाचवतो आणि मालकाचा हात पत्त्यांनी भरत जातो. तिघांनी नेटाने भरणे किंवा एकाने स्टडी मोडून काढणे, एवढेच उपाय आहेत. त्यासाठी आपसात बोलावेच लागते.

टेबलावरचे तह नियमांनी बंधनकारक नाहीत. तरीही शब्द पाळणे फायद्याचे, कारण मोडलेला शब्द मंडळी पुढच्या डावातही लक्षात ठेवतात. मोठी फौज लवकर उभी करणारा तिघांचे लक्ष्य बनतो. दुसऱ्या क्रमांकावर राहून हातात पत्ते साठवणे अनेकदा अधिक सुरक्षित असते.

बाद करण्याचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. खेळाडू बाद झाला की त्याच्या मालकीचे सगळे पत्ते खेळातून जातात, इतरांनी ताब्यात घेतलेलेसुद्धा. ज्याचा क्रीचर पळवून तुम्ही लढत आहात, त्याला शक्यतो शेवटी बाद करावे.