भुसावळ यार्ड आणि १९१४चा जुलै

भुसावळला नागपूरची आणि खंडव्याची लाइन फुटते. यार्डाच्या तोंडाशी एखादी मालगाडी अडकली की इकडे वरणगाव, तिकडे जळगावपर्यंत गाड्या तुंबतात. ज्या युद्धात हिंदुस्थानातून १० लाखांवर माणसं समुद्रापार गेली, ते पहिलं महायुद्ध मला कळलं ते हे यार्ड डोळ्यांसमोर आणल्यावरच.

२८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, हे शाळेत शिकवतात. पण एका खुनाने महायुद्ध पेटत नाही. लुइस फ्राय रिचर्डसन हा हवामानाचा अंदाज आकडेमोडीने बांधू पाहणारा ब्रिटिश शास्त्रज्ञ. त्या युद्धात तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. पुढे त्याने शस्त्रस्पर्धेचं समीकरण मांडलं. त्यात तीनच गोष्टी: शेजाऱ्याच्या शस्त्रांची धास्ती, खर्चाचा बोजा आणि जुनी अढी. धास्ती बोजापेक्षा जड झाली की शस्त्रं वाढतच जातात. त्यासाठी कुणी दुष्ट असावं लागत नाही. बांधावरच्या भाऊबंदकीत एकाने कुंपण घातलं की दुसरा वकील गाठतो, आणि दोघंही मनापासून म्हणतात, मी फक्त माझं राखतोय.

जर्मनीला धास्ती होती रशियन रेल्वेची. फ्रेंच कर्जातून रशिया रूळ टाकत होता, आणि जर्मनीचा सगळा बेत रशियाच्या संथपणावर उभा होता: सुमारे सहा आठवड्यांत रशियाचा मित्र फ्रान्स याला हरवायचं, मग सैन्य गाड्यांत भरून पूर्वेला न्यायचं. रशियाने जमवाजमव, म्हणजे सैन्य बोलावून गाड्यांनी सीमेवर नेणं, सुरू केली की जर्मनीच्या हातचा एकेक दिवस जाऊ लागणार.

खुनानंतर जर्मनीचा मित्र ऑस्ट्रिया सर्बियावर चालून गेला, आणि रशिया सर्बियाच्या पाठीशी होता. रशियाचा सम्राट झार निकोलसने २९ जुलैला पूर्ण जमवाजमवीचा हुकूम दिला. त्याचा नातलग, जर्मन सम्राट विल्हेम, याची तार आली तसा त्याने रात्री तो मागे घेतला. फक्त ऑस्ट्रियापुरतं सैन्य हलवा म्हणाला. सेनापती हादरले. अर्ध्या जमवाजमवीची नीट आखणीच नव्हती. डबे, इंजिनं एकीकडे गुंतली की पुढची सगळी घडी विस्कटणार. ३० तारखेला झार पुन्हा राजी झाला. सेनाप्रमुख यानुश्केविचने आधीच सांगून ठेवलं होतं: हुकूम मिळाला की मी टेलिफोनच फोडतो, म्हणजे तो रद्द करायला मला कुणी गाठायला नको.

१ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच संध्याकाळी विल्हेमच्या मनात आलं, फ्रान्स सोडून सगळं सैन्य पूर्वेला वळवावं. सेनाप्रमुख मोल्टकेने सांगितलं, आता ते शक्य नाही.